लीलाताईंची तिसरी ओळ

लीलाताई बस थांबायच्या आत उतरायच्या. सौंसरच्या रस्त्यावर कुठं मांडव दिसला, भोंगा वाजत असला आणि त्यातलं गाणं त्यांनी अर्धवट लिहून ठेवलेलं असलं, की त्या दोन सीटांमधून आडव्यातिडव्या होत पुढं जायच्या आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारायच्या. "थांबव रे बाप्पा, माझी दुसरी ओळ चालली!"

ड्रायव्हर घाबरून ब्रेक मारायचा. त्याला वाटायचं, बाईंचं गाठोडं पडलं, नाहीतर लेकरू. लीलाताईंना लेकरू नव्हतं, नवराही नव्हता. चाळिशीला टेकलेल्या, निऱ्या कायम एका बाजूला घसरलेल्या, हातात छत्री, दातात पेनाचं टोपण. आणि त्यांच्या मागून उतरायची मी. वय बावीस, नव्या चपला, कडक इस्त्रीची साडी, आणि चेहऱ्यावर 'मी यांच्यासोबत नाही हं' असा भाव. तो भाव मी आरशासमोर उभी राहून बसवला होता. पण खड्ड्यात पाय पडला की तो घसरायचा, आणि खड्डे त्या रस्त्याला पुष्कळ होते.

आम्ही दोघी सौंसरला मुलींच्या शाळेत शिकवायचो आणि पांढुर्ण्याला राहायचो. त्यांच्याच घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती, म्हणून सकाळ-संध्याकाळ बसमध्ये त्यांची सोबत मला चुकत नव्हती. ऐंशी सालानंतरची गोष्ट. घरोघरी टेपरेकॉर्डर यायला लागले होते, पण लीलाताईंनी काही घेतला नाही. त्यांचं म्हणणं होतं, "टेपमंदी गाणं कोंडलं का माणूस आळशी होते. मग कानाला कामच काय राह्यते?"

त्यांचं काम असं होतं. गाणं ऐकायचं आणि माउथऑर्गनवर ते कसं वाजवायचं ते आकड्यांत उतरवायचं. आमच्याकडं त्याला सगळे नुसतं 'बाजा' म्हणायचे. बाज्याला दहा घरं. एकाच घरात फुंकलं तर एक सूर, श्वास आत ओढला तर दुसरा. लीलाताई गणिताच्या बाई. फुंकायचं असेल तिथं नुसता आकडा, ओढायचं असेल तिथं त्याच्या आधी उणे. चार, उणे चार, पाच, सहा, उणे सहा... झालं गाणं. सा रे ग म नाही, ताल नाही, मात्रा नाहीत. मी संगीताच्या दोन परीक्षा पास होऊन आलेली. मला हे बघून अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

"लीलाताई, संगीत ही साधना आहे. ती अशी पाढ्यांत लिहीत नाहीत," मी एकदा म्हणाले. (असं मी खरोखर बोलायची. मला त्या काळात कोणी मारलं कसं नाही, याचं आजही नवल वाटतं.)

"हो का?" त्या म्हणाल्या. "मग तुझी साधना राहू दे, जरा हात पुढं कर. कागद संपला माह्यावाला."

आणि माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत बॉलपेननं गाण्याचा अंतरा लिहून काढला. त्या दिवशी मी वर्गात बाह्या ओढून ओढून शिकवलं, तरी मागच्या बाकावरच्या एका पोरीनं माझा हात वाचून मधल्या सुट्टीत ते गाणं शिट्टीवर वाजवलंच.

कारण पोरींना हे गणित पाठ होतं. एकदा तपासणीला साहेब आले. लीलाताई कुठं तरी व्हरांड्यात, कान बाहेरच्या रस्त्याकडं लावून उभ्या. वर्गातल्या फळ्यावर आकड्यांची रांग. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. "हे उदाहरण सोडव."

पोरीनं फळ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"येत नाही?"

"येते, सर. पण हे सोडवायचं नसते, म्हणायचं असते."

"मग म्हण."

पोरीनं म्हटलं. चांगल्या खड्या आवाजात, सिनेमाचं गाणं, दोन्ही कडवी. वर्गानं ठेका धरला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. लीलाताई धावत आल्या, पण माफी मागायला नाही. पोरीला म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात तू खाली गेली. तिथं उणे पाच आहे. पाह्य नं फळ्यावर!"

त्या बसायच्याच नाहीत. चहाचा कप घेऊन स्टाफरूमभर फिरायच्या आणि तो कुठल्या तरी खिडकीत थंड करून ठेवायच्या. कुणी म्हटलं, बसा हो जरा, तर म्हणायच्या, "बसून काय सापडते?" एका उन्हाळ्यात एका वरातीच्या बँडमागं चालत चालत मला थेट मांडवात घेऊन गेल्या. वरपक्षाला आम्ही वधूकडच्या वाटलो आणि वधूपक्षाला वराकडच्या. आम्हाला पंगतीत बसवलं, आग्रह करकरून जिलेबी वाढली. मला वाटत होतं, सगळे माझ्या साडीकडं बघताहेत. बघत होते खरे. लीलाताई माझ्या पदराआड बाजा लपवून हळू आवाजात ओळ तपासून पाहत होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं, सूर माझ्या पोटातून येतोय.

आता कुणी म्हणेल, एवढी कसली तगमग? शाळेतल्या बाईला गाण्यांमागं असं रानोमाळ पळायचं कारण काय?

कारण घरी होतं, खाटेवर. बाबूजी, लीलाताईंचे वडील.

बाबूजी पांढुर्ण्याच्या संत्रा मार्केटात लिलाव बोलायचे. त्यांचा आवाज म्हणे मार्केटाच्या एका टोकाला निघाला की दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू यायचा. घरी मात्र ते आवाज जपायचे. गालात ज्येष्ठमधाचा तुकडा, आणि बोलणं सगळं खुणांचं. एक बोट म्हणजे भाकर वाढ, दोन बोटं म्हणजे वरण. लीलाताई म्हणायच्या, "बाबूजीची भाषा आम्हाला बोटाबोटानं आली." मग बाबूजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत, डोळे धारदार. डॉक्टरांनी सांगितलं, फुगे फुगवा, तोंडाला व्यायाम होईल, काही शब्द परत येतील. बाबूजींनी पहिलाच फुगा दातानं फोडला. एवढा मोठा लिलाववाला, त्याला लेकराचे फुगे!

तेव्हा लीलाताईंनी बाजा आणला. डाव्या हातात धरता येत होता. ओठांच्या उजव्या बाजूनं हवा निसटायची, तिथं लीलाताई आपली दोन बोटं दाबून धरायच्या. आकडे तर बाबूजींना कुणी शिकवायला नको होते, सगळा जन्म आकड्यांत गेलेला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठे मोठे आकडे लिहायचे, समोर भिंतीला लावायचे, बाबूजी वाजवायचे. हळूहळू जमलं. फुंकून फुंकून ओठ वळायला लागले, "ली" एवढं तरी तोंडातून यायला लागलं. पण म्हातारा मोठा लहरी. तेच गाणं पुन्हा आलं की कागद डाव्या हातानं टराटरा फाडायचा. संध्याकाळ झाली की नवीन माल हवा. म्हणून लीलाताईंची दिवसभराची पळापळ.

मीही एकदा त्यांची सेवा करायला गेले. खाटेसमोर तंबोरा लावल्यासारखी बसून भूप गायले. आलाप संपेपर्यंत बाबूजी घोरत होते.

एक दिवस संध्याकाळी बाबूजींनी भिंतीवरचा कागद बघितलाच नाही. बाजा तोंडाला लावला आणि आपल्या मनानं काही तरी वाजवलं. एक ओळ, मधे लांबवलेली. मग तीच ओळ, पण वरच्या सुरात. आणि थांबले. भुवया वर करून लीलाताईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याकडं पाहिलं. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघतोय.

"छान हो बाबूजी," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा दुसरी ओळ वाजवली, अजून जोरात. पुन्हा थांबले. पुन्हा एकेकाच्या तोंडाकडं बघणं. आणि मग बाजा उचलून भिंतीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुसरं कुठलंही गाणं वाजवेनात. कागद लावला की तोंड भिंतीकडं. दोन ओळी, थांबणं, पाहणं, फेकणं. मग तर बाजा हातात घेणंही सोडलं. डॉक्टर म्हणाले, फुंकणं सुटलं तर आलेलं तेवढंही जाईल. आणि तसंच व्हायला लागलं. "ली" म्हणायला गेले तर नुसती हवा यायला लागली.

लीलाताई स्वयंपाकघरात उभ्या राहून कणीक मळत होत्या. मळता मळताच म्हणाल्या, "कुमुद, बाबूजी तिसरी ओळ विसरले. कोणतं तरी जुनं गाणं आहे. त्यांना आठवून नाही राह्यलं, म्हणून राग येऊन राह्यला. ती ओळ आणून द्याच लागते."

"हा भूप आहे," मी छातीठोकपणे सांगितलं. "मी गायले होते ना, त्याचाच परिणाम."

लीलाताईंनी माझ्याकडं पाहिलं, पण कणकेचा गोळा मला मारला नाही. मोठं मन होतं त्यांचं.

त्यानंतरचे दिवस मला नीट क्रमानं सांगता येणार नाहीत, कारण क्रम नव्हताच. शाळा सुटली की त्या कुठल्या रस्त्याला लागतील याचा नेम नाही. कॅसेटच्या दुकानात जाऊन त्या दोन ओळी वाजवून दाखवायच्या. दुकानदार म्हणायचा, "मॅडम, गाने का नाम तो बताओ." नाव माहीत असतं तर बाई तुझ्या दुकानात कशाला आली असती? बँडवाल्यांना विचारलं. भजनी मंडळात जाऊन बसल्या, म्हणजे उभ्या राहिल्या. तिगावला एक आजीबाई जुनी गाणी म्हणतात असं कळलं, तर रविवारी तिथं. आजीबाईंनी सगळी गाणी म्हटली, आम्हाला आंबील पाजली, पण ती ओळ काही त्यांच्याकडं नव्हती. रामाकोन्याला कुणाकडं जुन्या तबकड्या होत्या, तिथंही गेलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी रडले. लीलाताई म्हणाल्या, "रडते काय, सुतळी बांध."

बँकेत एक कारकून होते, आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. त्यांनी दोन ओळी डोळे मिटून ऐकल्या. मग म्हणाले, "ताई, मला हे गाणं नाही वाटत. गाण्यातला माणूस आपल्याच नादात असते. इथं तर कोणाची तरी वाट पाहून राह्यला."

मी बाहेर आल्यावर हसले. "पेटीवाल्यांना शास्त्र काय कळणार?" म्हणाले. लीलाताई हसल्या नाहीत. त्या रात्रभर घरात येरझारा घालत होत्या, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं.

आणि मग जे सापडलं ते माझ्या चपलेनं सापडलं. त्यात माझ्या कानाचा काडीचाही वाटा नाही.

संत्र्याचा हंगाम होता. सकाळी बसस्टँडला निघालो, तर माझ्या नव्या चपला लागायला लागल्या. (जुन्यांना सुतळी होती आणि सुतळी बांधून शाळेत जायला मी तयार नव्हते.) मी म्हटलं, मार्केटातून जाऊ, जवळ पडतं. लीलाताई थबकल्या. त्या गल्लीत त्या कधी गेल्या नव्हत्या. लहानपणी त्यांच्या आईची ताकीद होती, मार्केटात मुलींनी पाऊल टाकायचं नाही, तिथं लोकांची तोंडं वाईट. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण लीलाताई वळसा घालूनच जायच्या. चाळीस वर्षांची बाई! बस थांबवायला ड्रायव्हरच्या पाठीत रट्टा मारणारी!

"चला हो," मी म्हटलं. "माझा पाय सोलून निघाला."

आत संत्र्यांचे ढीग, गवताचा वास, बैलगाड्या, माणसांची खेचाखेच. एका ढिगावर उभा राहून शंकर लिलाव बोलत होता. हा बाबूजींच्याच हाताखाली तयार झालेला. त्याचा आवाज चढला. "ए...क वार!" सूर मधे लांबवलेला. मग तोच सूर, पण वर नेलेला. "दो...न वार!" आणि तो थांबला. भुवया वर करून त्यानं गोल उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांकडं पाहिलं. याच्याकडं, त्याच्याकडं, पलीकडच्याकडं.

लीलाताईंच्या हातातली छत्री खाली पडली.

"कुमुद," त्या म्हणाल्या. "बाबूजी आपल्याला गाणं नव्हते मागून राह्यले. भाव मागून राह्यले होते."

दोन ओळी वाजवून ते बोलीची वाट बघत होते. आणि आम्ही त्यांना काय दिलं? मी म्हणाले होते, छान हो बाबूजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकर स्वतः हातगाडी घेऊन आला. बाबूजींना धुतलेलं धोतर, टोपी, काठी, गाडीत गादी. लीलाताई गाडीच्या पुढं धावत होत्या, मागं येत होत्या, पुन्हा पुढं. मार्केटात शंकरनं बाबूजींना संत्र्याच्या पेट्यांवर बसवलं, पाया पडला. "काका, हा एक ढीग तुमचा. बोला."

लीलाताईंनी ओठाला बोटं लावली. बाबूजींनी डोक्यानंच 'नको' म्हटलं आणि काठी मांडीला टेकवून, मान तिरपी करून, उजवा गाल स्वतःच खांद्यावर दाबला. हे कधी शिकले देव जाणे. लीलाताई मागं सरकून गर्दीत माझ्याजवळ उभ्या राहिल्या. तिथं त्या आणि मी, एवढ्याच दोन बाया.

बाबूजींनी पहिली ओळ वाजवली. दुसरी वाजवली आणि थांबले. भुवया वर.

कोणी बोलेना. सगळे जुने व्यापारी. कोणी चपलेकडं बघतोय, कोणी संत्र्याकडं. हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि बोली लावावी हे तर कोणाच्या मनातच आलं नाही. लिलाव खरा की म्हाताऱ्याचं मन राखायला केलेला, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. बाबूजींनी दुसरी ओळ पुन्हा वाजवली. थांबले. घरी थांबायचे तसेच. एकेका तोंडाकडं बघत डोळे फिरायला लागले. मला माहीत होतं पुढं काय होणार. बाजा उडणार, आणि यावेळी सगळ्या गावासमोर.

लीलाताईंना ते बघवलं नाही. "बस, बाबूजी," असं म्हणत त्यांनी हात वर केला. थांबा म्हणून.

बाबूजींचे डोळे त्या हातावर येऊन थांबले. बाजा तोंडाला गेला आणि तिसरी ओळ आली. आखूड, खणखणीत, वरून खाली येणारी. आणि शेवटचा सूर सुटताच बाजा मांडीवर टाकून त्याच डाव्या हातानं काठी पेटीवर धाडकन.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एक म्हातारा व्यापारी ओरडला, "गेला! ढीग गेला! मास्तरणीले गेला!" आणि सगळं मार्केट हसायला लागलं. लीलाताईंचा हात अजून वरच.

शंकर धावत आला. "काका, थे तं आपली लीलाताई होय! तिनं बोली नाही लावली. पुन्हा काढू आपण ढीग."

बाबूजींनी त्याच्याकडं असं बघितलं की शंकर जागच्या जागी पोरगा झाला. त्यांनी काठी पुन्हा आपटली, आणि पुन्हा तीच तिसरी ओळ वाजवली. सुटली बोली ती सुटली. माल घेणारी पोटची पोर असली म्हणून काय झालं?

"अवं पण बाबूजी, मी करू काय एवढ्या संत्र्याचं?" लीलाताई ओरडल्या.

बाबूजींनी एक बोट वर केलं. भाकरीचं नव्हे. पुढचा ढीग, असं त्या बोटाचं म्हणणं होतं, आणि यावेळी व्यापाऱ्यांचं हसणं थांबलं होतं. ते जवळ सरकले. एकानं तर बाह्या सावरल्या.

माझी बस सुटायची वेळ झाली होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी दूर गेले. त्यानंतरही लीलाताई मला दोन-चारदा भेटल्या, कधी घाईत, कधी त्याहून घाईत. पण डोळ्यांपुढं येतात त्या त्याच सकाळच्या. मी मार्केटच्या फाटकातून मागं वळून पाहिलं. बाबूजींची पहिली ओळ झाली होती, दुसरी चालू होती, ते पुन्हा तोंडं न्याहाळणार होते. आणि आपल्या विकत घेतलेल्या ढिगापाशी लीलाताई उभ्या होत्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. दोन्ही हात त्यांनी पाठीमागं नेले होते आणि एका हातानं दुसरा घट्ट पकडून ठेवला होता.